बंद खात्यावरून आलेलं आमंत्रण

मी या ग्रुपवर चार वर्षांपासून आहे आणि आजवर माझं काम एकच... दुसऱ्यांच्या अनुभवांच्या खाली फाटे फोडणं. कुणी चकव्याचा किस्सा टाकला की मी विचारायचो, मोबाईलमध्ये नकाशा नव्हता का? कुणाला शेतात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी विचारायचो, चष्म्याचा नंबर किती? अ‍ॅडमिननी दोनदा तंबी दिली आहे मला. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण हसतील. हसा, तुमचा हक्क आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही तो पुरता बसलेला नाही. पण जे झालं ते झालं.

मी अविनाश, वय बेचाळीस, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. छोटी म्हणजे किती, तर अकरा माणसं आणि खताच्या दुकानावरचा पहिला मजला. जिनिंग मिलांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची नोंद आपोआप व्हावी, गाठ बांधून झाली की तिच्यावर लेबल छापून यावं, असली कामं. मालक विजयभाऊ, ते स्वतः जिनिंगवाल्यांच्या घरातले. सर्व्हर सांभाळणारा फिरोज. आणि कोड लिहिणाऱ्यांचा म्होरक्या मी. माझ्याबरोबर आणखी एक म्होरक्या होता, त्याच्याबद्दलच हे सगळं आहे.

मिलिंद. राजूरचा... वणीकडचं, कोळशाच्या खाणीचं राजूर. वडील खाणीत कामाला. गावातल्या विहाराच्या खोलीत कुणीतरी दान दिलेला एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर हा माणूस शिकला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अविभाऊ म्हणायचा, आणि कामात मला रोज गुंडाळून खिशात ठेवायचा. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा, थोडासा. पण त्याच्याइतका जीव मी त्या ऑफिसात कुणालाच लावला नाही.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आम्ही लिहिलेला सगळा कोड एका सामायिक ठिकाणी ठेवलेला असतो, त्याला रेपो म्हणतात. सगळ्यांचं मिळून एक कपाट समजा. कुणी कधी काय बदललं याची नोंद त्यात नावानिशी राहते, ती पुसता येत नाही. ज्याला ॲक्सेस दिला त्यालाच ते कपाट उघडतं. आमचं कपाट ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहे, बाहेरच्या कुणाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि नवीन माणसाला आत येण्याचं आमंत्रण पाठवायचा अधिकार फक्त दोघांना होता, मिलिंदला आणि मला.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत म्हणे पहिल्या तासालाच ॲक्सेस मिळतो. आमच्याकडे नाही मिळत. मागे एका नवीन माणसाने पहिल्याच दिवशी भलती फाइल पुसली होती आणि दोन मिलांचे काटे दुपारपर्यंत बंद पडले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि शेतकऱ्यांचे आमच्या नावाने चाललेले उद्धार, दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मिलिंदने पद्धत पाडली. नवीन माणसाने आठ दिवस जुन्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. फक्त बघायचं, विचारायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. नवव्या दिवशी मिलिंद स्वतः आमंत्रण पाठवायचा. ऑफिस दहाचं, हजेरी लावून, चहा पिऊन तो दहा वाजून दहाला लॉगिन करायचा, त्यावर घड्याळ लावून घ्यावं. आमंत्रणाबरोबर दोन शब्द लिहायची जागा असते, ती सगळे रिकामी सोडतात. मिलिंद तिथे लिहायचा, "ये, बस."

ॲक्सेस द्यायची पद्धत त्याची. काढून घ्यायचा नियम माझा. नोकरी सोडली की त्याच दिवशी ॲक्सेस बंद, आणि महिन्याच्या वर रजा असली तरी बंद. नियम सगळ्यांना सारखा, असं मी अभिमानाने सांगायचो.

दीड वर्षापूर्वी, कापसाचा हंगाम भरात असताना मिलिंदच्या किडन्यांनी दगा दिला. महिनाभर अंगावर काढलं होतं त्याने, कुणाला बोलला नव्हता. नागपूरला दवाखान्यात भरती केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रेपो उघडला तर मिलिंदची दुरुस्ती येऊन पडलेली... दवाखान्यातून पाठवलेली. मी लगेच फोन केला, रागावलो. आराम करायला गेलास की काम करायला, असं बरंच काही बोललो. तो शांतपणे म्हणाला, "अविभाऊ, काम केलं का बरं वाटते मले. नाईतर दिवसभर सलाईनच पाहात बसा लागते."

मला वाटलं, हा असा ऐकायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो आणि त्याचा ॲक्सेस काढून टाकला. नियमात बसत होतंच, रजा महिन्याच्या वरची होती. त्याच्या भल्यासाठीच केलं, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि ते खोटं नव्हतं. पण स्वतःची पाठही थोपटली मी तेव्हा, की बघा, मित्रालासुद्धा नियम लावला.

त्याला मात्र सांगितलं नाही. वाटलं, उद्या लॉगिन झालं नाही की फोन करील, दोन शिव्या घालील, मग समजावून सांगू. त्याचा फोन आला नाही. एक दिवस गेला, चार गेले. मग मला फोन करायची लाज वाटायला लागली, आणि जसजसे दिवस गेले तसतशी ती वाढत गेली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला भेटायला गेलो. अर्धा झाला होता. खाटेशेजारच्या स्टँडवर लॅपटॉप ठेवलेला. आम्ही सगळ्या जगाबद्दल बोललो, पण त्याबद्दल नाही. त्याने विचारलं, काटे बरोबर चालू आहेत ना. मी हो म्हटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मग बरं हाये. आज मला वाटतं, तो मला बोलायची संधी देत होता. मी निघायला उठलो.

बाहेर त्याची बायको सुजाता उभी होती. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. तिचा चेहरा ताठ होता. म्हणाली, "भाऊजी, त्याईले काम जरा कमी देत जा. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बसतेत. डॉक्टर मलेच बोलते."

तेव्हा मी सांगायला हवं होतं, की वहिनी, त्याच्याकडे काही कामच नाही, मीच बंद केलंय. एवढं एक वाक्य. मी म्हणालो, "हो वहिनी, सांगतो." आणि जिना उतरलो.

पुढच्या दोन आठवड्यांत मिलिंद गेला.

राजूरला अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो होतो. आठवड्याने मी ऑफिसात बसून त्याचं खातंच सर्व्हरवरून कायमचं काढून टाकलं, ऑफिसचा मेल बंद केला. त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं आणि जेवायला गेलो.

वर्षभराने सुजाता आमच्याकडे कामाला आली. ती कळंबची, बी.एस्सी. झालेली. मिलिंद असताना संध्याकाळी दोघं बसायचे आणि तो तिला कोडिंग शिकवायचा, दोन वर्षं शिकवलं होतं त्याने. तो गेल्यावर ती मुलीला घेऊन कळंबला माहेरी होती, शिकवण्या घेत होती. विजयभाऊंनी तिला बोलावलं. तिने आधीच सांगितलं, मेहेरबानी नको, परीक्षा घ्या. परीक्षा मीच घेतली. तिने लिहिलेला कोड वाचताना मला खुर्चीवरून उठावं लागलं... प्रत्येक तुकड्याच्या वर, तो काय करतो ते साध्या मराठीत एका ओळीत लिहिलेलं होतं. ही सवय फक्त मिलिंदची होती. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तीन महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं. तिने दिग्रसला खोली घेतली, मुलीचं नाव इथल्या शाळेत दुसरीत घातलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ऑफिसात मी तुम्हाला सर म्हणीन, तुम्ही सुजाता म्हणा.

पद्धतीप्रमाणे आठ दिवस ती फिरोजच्या शेजारी बसली. नवव्या दिवशी तिला ॲक्सेस द्यायचा होता. द्यायचा होता म्हणजे मीच, कारण आता अधिकार माझ्या एकट्याकडे होता.

आणि माझा हात चालेना. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ॲक्सेस मिळाला की नवऱ्याने केलेलं काम ती पहिल्यांदा उघडून बघणार, कोणीही बघेल. आणि तिथे लख्ख दिसणार की मिलिंदची शेवटची दुरुस्ती दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसाची आहे. त्यानंतरच्या महिनाभरात एक ओळही नाही. वर्षभर ती समजून होती की आम्ही तिच्या नवऱ्याला मरेपर्यंत राबवून घेतलं. तो समज मी मोडला नव्हता, कारण तो मोडायचा तर दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं.

मग मी कारणं शोधली. पुढच्या आठवड्यात देतो. नवीन सर्व्हर येतोय, तो आला की देतो. तोवर मिलवाल्यांची कागदपत्रं वाचा. ती कागदपत्रं वाचायची. एक दिवस पाहतो तर तिने फिरोजकडून थोडा कोड कागदावर छापून घेतला होता आणि लाल पेनाने त्यातल्या चुका दाखवत होती. चुका बरोबर होत्या, दोन तर माझ्याच होत्या. मी तो गठ्ठा घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

अडीच महिने गेले असे. एका शनिवारी विजयभाऊंनी मला आत बोलावलं. म्हणाले, "अवि, त्या सुजाताचं एकही काम दिसून नाही राह्यलं रेपोमधी. तीन महिने भरून राह्यले. तिले नाही म्हनू का मग?"

मी म्हणालो, बघू दोन दिवस. बघू दोन दिवस! तिच्या मुलीची शाळा, तिची खोली, तिचा उभा राहिलेला संसार... आणि मी घरी जाऊन जेवलो, टीव्ही पाहिला. हे मुद्दाम लिहितोय. इथे बरेच जण माझ्या हुशारीचं कौतुक करतात, त्यांनाही कळू दे.

सोमवार उजाडला. त्या दिवशी सकाळी नऊपासून मी आणि फिरोज गावाबाहेरच्या एका मिलमध्ये काट्याचं काम करत होतो. रेपोत आमंत्रण फक्त माझ्याच खात्यावरून जाऊ शकतं, आणि माझा लॅपटॉप माझ्यासमोर मिलच्या टेबलावर, बंद. तिथे नेटसुद्धा नीट लागत नाही. बाराच्या सुमाराला ऑफिसात आलो तर सुजाता माझ्या टेबलाशी उभी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू दिसलं.

"सर, ॲक्सेस मिळाला. थँक्यू."

मी फिरोजकडे पाहिलं, फिरोजने माझ्याकडे. मी तिला म्हटलं, जरा दाखवा बघू. तिने मोबाईल पुढे केला. आमच्याच सर्व्हरवरून आलेला मेल. वेळ, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. आमंत्रण देणाऱ्याचं नाव, मिलिंद. आणि खाली दोन शब्द: ये, बस.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी मुद्दाम त्याईच्या खात्यावरून पाठवलं, हे मले समजलं. लई बरं वाटलं सर. पन एक विचारू का... हा मेल आयडी तुमाले कोनं देला?"

तेव्हा मी वरचा पत्ता पाहिला. तिने नोकरीच्या अर्जात दिलेला तो पत्ताच नव्हता. तिनेच सांगितलं, हा मिलिंदने तिला शिकवताना, सरावासाठी उघडून दिला होता. त्यानंतर तिने तो कुणालाच दिला नाही, ती स्वतःही विसरली होती. मोबाईलमध्ये पडून होता म्हणून मेल दिसला.

मी तिला काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही. ती खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदा कीबोर्ड पुढे ओढला. मला तिला थांबवता आलं नाही, आणि थांबवायचा मला अधिकारही वाटला नाही.

फिरोजने दार लावून घेतलं आणि सर्व्हर उघडला. तो माझ्याहून मोठा नास्तिक... म्हणजे नमाजाला जातो, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही. आधी त्याला वाटलं कुणी चावटपणा केला. पण मिलिंदचं खातं सर्व्हरवर अस्तित्वातच नव्हतं, मीच काढून टाकलं होतं. मग वाटलं, जुना बॅकअप चुकून परत चढला असेल. नव्हता चढला. मग वाटलं, मिलिंदने जाण्याआधी एखादा प्रोग्राम लावून ठेवला असेल, अमुक दिवशी अमुक पाठव म्हणून. तसा प्रोग्राम दोन दिवस शोधूनही सापडला नाही. आणि असता तरी खात्याबरोबर त्याचाही अधिकार गेलाच असता. शिवाय वर्षभराने सुजाता इथे कामाला येणार, हे तेव्हा सुजातालाही माहीत नव्हतं. फिरोज स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "अविभाऊ, ये बंदा लिस्ट में हैच नहीं. फिर भी भेजनेवाला वही है."

बुधवारी दुपारी फिरोजला दुसरंच काही सापडलं. आमंत्रण कुठून आलं ते शोधता शोधता तो मागे मागे जात दीड वर्षापूर्वीच्या नोंदींपर्यंत पोचला होता. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि चहा आणतो म्हणून खाली निघून गेला.

कुणी लॉगिन करायचा प्रयत्न केला आणि सर्व्हरने आत घेतलं नाही, की त्याचीही एक ओळ लिहिली जाते. त्या ओळी आम्ही कधीच बघत नाही. तिथे मिलिंदच्या नावाच्या एकतीस ओळी होत्या, एकाखाली एक. प्रवेश नाकारला. प्रवेश नाकारला. प्रवेश नाकारला... मी त्याचा ॲक्सेस काढला त्या दिवसापासूनच्या. रोज सकाळी दहा वाजून दहाला, कधी एखादं मिनिट इकडेतिकडे. रविवारीसुद्धा. आणि रोज एकदाच. पासवर्ड चुकला असं वाटून माणूस लगेच पुन्हा दोनतीनदा टाकून बघतो, तसं एकदाही नाही. म्हणजे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं की दार लावलेलं आहे. तरी तो रोज एकदा येऊन बघत होता, कुणी उघडलंय का.

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. लिहायला लाज वाटत नाही. भीती वगैरे तेव्हा काहीच वाटली नाही. एकच विचार डोक्यात होता, की फोन का नाही केलास रे. आणि लगेच दुसरा, की फोन मी करायचा होता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सुजाता माझ्याकडे आली. तीन दिवस ती रेपो वाचत होती. मिलिंदने आठ वर्षांत जे जे लिहिलं ते सगळं पहिल्यापासून वाचत होती, आणि आता शेवटाशी पोचली होती. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "भाऊजी, दवाखान्यात गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या पुढं त्याईचं एकही काम नाही त्याच्यात. मग ते रोज लॅपटॉप घेऊन कायले बसत होते?"

तिने कित्येक महिन्यांनी भाऊजी म्हटलं होतं. मी सगळं सांगितलं. ॲक्सेस काढला ते, लपवलं ते, दवाखान्याच्या जिन्याजवळ खोटं बोललो ते, आणि तिला अडीच महिने कशासाठी ताटकळत ठेवलं तेही. सोमवारचं आमंत्रण मी पाठवलं नव्हतं हेही सांगितलं. त्याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, जणू ते तिला ठाऊकच होतं. ती एवढंच म्हणाली, "दाखवा मले त्या ओळी."

मी दाखवल्या. तिने वरून खालपर्यंत एकेक तारीख वाचली, बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. ती तारीख मिलिंद गेला त्याच दिवसाची होती. तो दुपारी गेला, ही ओळ सकाळची.

"त्या दिवशी त्याईले बसता येत नोतं," ती म्हणाली. "मीच मागून धरून बसवलं. म्हने, दोनच मिनिटं, हजेरी लावून घेतो." तिने शेवटच्या ओळीवरचं बोट काढून घेतलं. "आनि मी चिडली त्याईच्यावर. मनलं, आता तरी सोडा ना ते ऑफिस. माह्याकडं पाहा जरा. त्याईनं लॅपटॉप बंद केला, सॉरी म्हनले. तेच शेवटचं बोलनं झालं आमचं."

मी तिचा नवरा परत आणू शकत नव्हतो हे तर झालंच, पण त्या सकाळचं तिचं बोलणंही मी परत घेऊ शकत नव्हतो. दवाखान्याच्या जिन्याजवळ मी एक वाक्य खरं बोललो असतो तर ती त्याच्यावर चिडली नसती. तिने माझ्याकडे मागितलं असतं, मी ॲक्सेस परत दिला असता, आणि तो शेवटच्या दिवशी दोन मिनिटं बसून, हजेरी लावून, तिच्याशी बोलत पडला असता. इतकं सोपं होतं ते.

ती दोन दिवस आली नाही. मी विजयभाऊंना जाऊन सगळं सांगितलं, माझा राजीनामाही ठेवला. त्यांनी तो फाडला नाही, मंजूरही केला नाही, नुसता बाजूला सरकवला आणि म्हणाले, तिले कायम कर आधी. सोमवारी ती आली, कामाला बसली. मला पुन्हा सर म्हणायला लागली. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. काम मात्र असं करते की दोन महिन्यांत विजयभाऊंनी आमंत्रणं पाठवायचा आणि गेलेली बघायचा दुसरा अधिकार तिला दिला. मिलिंदची जागा रिकामी होती, ती तिच्याकडे गेली.

आता तुम्ही विचाराल, स्पष्टीकरण काय. नाही सापडलं. फिरोजने सर्व्हरचा एकेक कोपरा तपासला, यवतमाळहून ओळखीचा एक जाणकार येऊन बघून गेला, तो डोकं खाजवत परत गेला. ती एक नोंद आजही तिथे आहे... अस्तित्वात नसलेल्या खात्याने, कुणालाच माहीत नसलेल्या पत्त्यावर पाठवलेलं आमंत्रण. मी करायचं होतं ते काम कुणीतरी केलं, मी ते टाळत होतो म्हणून. आता खाली फाटे फोडायचे असतील तर जरूर फोडा, मी मनापासून वाचीन. मला स्वतःला वाटतं ते इथे लिहिणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारनंतर मी मिलिंदच्या घरच्या मेलवर रेपोचं आमंत्रण पाठवलं. वेडेपणा आहे, मान्य. आमच्या सर्व्हरवर आमंत्रण सात दिवस टिकतं, कुणी स्वीकारलं नाही तर रद्द होतं. म्हणून दर सोमवारी ऑफिसात आलो की मी पुन्हा पाठवतो. याबद्दल मी कुणालाच बोललेलो नाही. मागच्या महिन्यात एका सोमवारी पुसदला चुलतभावाच्या लग्नात होतो, तिथल्या गडबडीत पाठवायचं राहून गेलं. मंगळवारी येऊन घाईघाईने सर्व्हर उघडला तर आमंत्रण आदल्या दिवशीच गेलेलं होतं, सकाळी दहा वाजून दहाला. मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं.

सुजाता.

मान वर करून पाहिलं तर ती तिच्या जागेवर बसून काम करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही त्याबद्दल अजून एक शब्दही बोललेलो नाही, फक्त आता एका सोमवारी मी पाठवतो आणि एका सोमवारी ती.